वंदनाने पाळलेली बुरशी

श्रावण लागला की आमच्या रोडपालीच्या फ्लॅटमध्ये माझं एक जुनं युद्ध नव्याने सुरू होतं. कपाट उघडावं तर ओल्या पोत्याचा वास अंगावर येतो. चामड्याच्या पर्सवर पांढरी लव उगवलेली असते, पापडाच्या डब्यात एक-दोन पापड हिरवे ठिपके लेवून बसलेले असतात, आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर एक काळपट डाग दरवर्षी थोडा थोडा पसरत जातो. मी फडकं घेते, व्हिनेगर घेते आणि सकाळभर पुसत सुटते. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "खाडीकाठी राहतेस बाई. इथली हवा पिळली तर बादलीभर पाणी निघेल." त्यांचं म्हणणं खरं असतं, त्यामुळे राग जास्त येतो.

परवा मात्र गंमत झाली. लोणच्याच्या बरणीवर हिरवा थर दिसला आणि फडकं मारण्याआधी मी ती बरणी चक्क नाकापाशी नेली. ह्यांनी पाहिलं. "आता हुंगून बघणार का?" म्हणाले. मी ओल्या खोबऱ्याचा वास शोधत होते. तो नव्हता. असणारही नव्हता. पण नाकाला ती सवय लागली ती एका श्रावणात, माझ्या माहेरी, आणि ती लावली माझ्या भावजयीने, वंदनाने.

त्या वर्षी आमच्या त्या भिंतीचं काम काढलं होतं. मला खोकला लागलेला, डॉक्टरांनी सांगितलं की या ओलीपासून जरा लांब राहा. लांब म्हणजे कुठे? पनवेलात पावसाळ्यात ओल नाही अशी जागा शोधायची तर स्मशानातलं लाकडांचं गोदामच! शेवटी पिशवी भरली आणि माहेरी गेले. कर्नाळ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. मागच्या दारात उभं राहिलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, ढग उतरले की दिसेनासा होतो. माझ्या लहानपणी दारापासून सुळक्यापर्यंत नुसती भातशेती होती. आता मधे कंटेनरची यार्डं आहेत, लाल-निळ्या पेट्यांच्या भिंती आहेत, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध आमच्या उरलेल्या तुकड्यावर वंदनाचं पॉलीहाऊस. आई त्याला 'प्लॅस्टिकचा मांडव' म्हणते.

मी पोचले तेव्हा वंदना मागच्या पडवीत एका ढिगापाशी उकिडवी बसून तांब्याने गुळाचं पाणी शिंपडत होती. ढिगावर ओली गोणपाटं.

"हे काय गं?"

"बुरशी हाय, ताई," ती म्हणाली. चहा ठेवलाय म्हणावं तितक्या सहज.

मी दोन पावलं मागे सरले. ज्या कारणासाठी घर सोडून आले ते इथे गूळ पीत बसलं होतं! वंदना हसली. तिने गोणपाटाचा एक कोपरा उचलला. खाली काळंभोर मुरलेलं शेणखत, त्यात पांढऱ्या तंतूंचं जाळं, आणि वर हिरवी पूड भुरभुरल्यासारखी. "जवळ या की. चावत नाय," ती म्हणाली. मी वाकले. शेणाचा वास येईल म्हणून श्वास रोखला होता, तो सोडला, आणि नाकात शिरला तो नुकत्याच फोडलेल्या नारळाचा वास. शपथेवर सांगते, ओल्या खोबऱ्याचा वास.

तिने मला समजावलं. ही ट्रायकोडर्मा, शेतकऱ्यांच्या भाषेत मित्रबुरशी. जमिनीत दुसऱ्या वाईट बुरश्या असतात, त्या पिकाची मुळं कुजवतात. ही त्यांना विळखा घालून खाऊन टाकते. पण हिची एक अट असते. हिला आधी जमिनीत जाऊन घर करावं लागतं. रोग आल्यावर हिला हाक मारून उपयोग नाही. "आमची मागच्या साली तीच चूक झाली ना," वंदना म्हणाली आणि गोणपाट परत नीट पसरू लागली.

मागचं साल मला ठाऊक होतं. मी तेव्हा एका दुपारी आले होते. काकडीचे वेल दोऱ्यांवरून डोक्याच्या वर गेलेले, पिवळी फुलं लगडलेली, आणि पानं मात्र मान टाकलेली. संध्याकाळी ती थोडी उठायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा पडायची, आणि मग एका दिवशी उठलीच नाहीत. खोडाशी तपकिरी कूज. माझा भाऊ संतोष बंदरावर क्रेन चालवतो. तो ड्युटीवरून येताना औषधं घेऊन यायचा, दोघं मिळून ओतायची. पण मुळं आधीच गेली होती. महिनाभर वाळके वेल त्या दोऱ्यांना लटकत होते आणि ते काढायचा कुणाला धीर होत नव्हता.

त्यानंतर संतोष एकच वाक्य बोलला होता. "अजून एक हंगाम. यंदा गेला तर सांगाडा उतरवू आणि जागा यार्डाला देऊ." तो वाईट माणूस नाही हो. रात्रपाळी करून आल्यावर प्लॅस्टिक ताणायला शिडीवर चढणारा तोच. पण बायकोला दोनदा तसं रडताना बघायची त्याची तयारी नव्हती. यार्डाचा एजंट दर महिन्याला फोन करायचा. संतोषने त्याला सांगून टाकलं होतं, दसरा झाला की या. म्हणजे त्या ओल्या गोणपाटाखाली वंदनाचं सगळं पुढचं आयुष्य गुळाचं पाणी पीत पडलं होतं, आणि ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यांना म्हणजे, एक माणूस सोडून. आईला सांगाडा आणि यार्ड माहीत होतं. बुरशीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या आईचं आयुष्य मिठागरात गेलं. तिच्या पायांच्या टाचा अजून खाऱ्या पाण्याची आठवण सांगतात. तिच्या दृष्टीने जगात औषधं दोनच, ऊन आणि मीठ. मासळी उरली, मीठ लावा, उन्हात घाला. आंबा उतरला, मीठ लावा, उन्हात घाला. मिरची, चिंच, गोधडी, तान्ह्या पोराची टाळू, सगळ्यांना ऊन. आणि पावसाळ्यात तिचा वैरी एकच, बुरा. आमच्या लहानपणी डब्याला बुरा लागला तर ती असं तोंड करायची, जणू घरात चोर शिरला. आता पडवीत सुनेच्या खतावर हिरवा बुरा चढताना ती रोज बघत होती आणि रोज गप्प बसत होती. का? तर सून बिचारी कष्ट करते, खत कुजवलंस असं तिला तोंडावर कसं बोलायचं!

श्रावणात मधेच एक दिवस कडक ऊन पडलं. वंदना आणि मी सुकापूरच्या पलीकडच्या नर्सरीत रोपं बघायला गेलो होतो. रोपं छान झाली होती, दोन पानांवरची, हाताला थंड लागणारी. आठवड्यात न्यायची ठरली. रिक्षातून येताना वंदना गाणं गुणगुणत होती. लग्न होऊन आली त्यानंतर तिला गुणगुणताना मी पहिल्यांदा ऐकलं.

अंगणात शिरलो तर सगळीकडे ताडपत्री. त्यावर वंदनाचं सगळं खत, पातळ पसरलेलं, फळीच्या फावड्याने एकसारखं केलेलं, जसं मिठागरात करतात तसं. उन्हाने ते वाळून फिकट पडलं होतं. आणि त्यावर चमचम करत होते मिठाचे खडे. शेजारी पदर डोक्यावर घेऊन आई बसलेली, घामाने डबडबलेली, चेहऱ्यावर मोठ्या कामगिरीचं समाधान.

"बुरा धरलेला सगल्यानं," ती म्हणाली. "येलेवर बगला म्हनून बरा. नाय तर पोरीचा सगला फुकट गेला असता."

तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते मला चांगलं माहीत आहे. अख्ख्या गावाला ऐकू गेलं असतं. वंदना पायरीवर बसली. तिने ताडपत्रीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मग उठून आत गेली ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"आई, तुमी सकाळपासून उन्हात? आधी पानी घ्या. चक्कर येल."

मला त्या मुलीचं कौतुक वाटायला लागलं ते त्या तांब्यापासून. तिच्या नवऱ्याच्या बाजूचं माणूस म्हणून सांगते, आमच्या घराने तिला असं काही फार मोठं दिलेलं नव्हतं.

संतोष घरी आला, त्याने अंगण पाहिलं आणि त्याच्याने राहवलं नाही. "आई, काय केलास ह्ये? ती बुरशीच औषद व्हती!"

आईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "बुरा? औषद?" ती कधी त्याच्याकडे बघे, कधी वंदनाकडे. कुणी तरी आपली थट्टा करतंय असंच तिला आधी वाटलं असावं. वंदना तिच्या शेजारी जाऊन बसली. "विरजणासारखा हाय आई त्यो," ती म्हणाली. "तुमी दुधाला रोज लावता ना, तसा मी खताला लावला व्हता. उन्हानं मरतो. तुमाला मी सांगायला पायजे व्हता."

आईचे डोळे भरून आलेले मला दिसत होते. पण ती रडली नाही. तिने डोळे पुसले आणि जो प्रश्न विचारला तो आम्हा कुणाला सुचला नव्हता.

"मंग विरजन बाजूला ठेवला हायस का नाय? आख्खा दही कोन खाऊन टाकतो?"

वंदना ताडकन उठली. ठेवलं होतं! लावणीच्या वेळी रोपांची मुळं बुडवायला म्हणून घमेलंभर खत तिने न्हाणीघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. आईने ते मागवलं, मांडीपाशी घेतलं, बोटाने हिरवी पूड चाचपली. "आन बगू नवीन खत," ती म्हणाली. "माज्या हातानं मेला, माज्या हातानं वाडवीन."

पुढचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. पडवीत आईची चटई पडली. मिठाने खारवलेलं खत नारळांच्या बुंध्याशी गेलं, कारण नारळाला मीठ मानवतं, तेवढीच भरपाई. आणि नव्या ढिगाची राखण आईकडे आली. गुळाचं पाणी किती, गोणपाट किती ओलं, वरखाली कधी करायचं, सगळं तिने वंदनाकडून शिकून घेतलं, आणि शिकल्यावर आम्हालाच दरडावायला लागली. उन्हाची तिरीप पडवीत आली तर उठून साडी आडवी टांगायची. ज्या बाईने जन्मभर उन्हाला हाक मारली ती आता उन्हाला हाकलत होती. कुणी बिडी ओढत आलं तर त्याला अंगणातूनच परत पाठवायची. नर्सरीत रोपं वाढत चालली होती, वाफे तयार होते, आणि ढीग नुसता काळा. वंदना दिवसातून पाच वेळा गोणपाटाचा कोपरा उचलून बघायची आणि पुन्हा खाली सोडायची. ते बघवत नसे.

एका सकाळी आईची हाक आली. "सुमन, ये ये, लवकर! खोबरा आयला!"

मी आणि वंदना धावलो. तिघी जणी एका शेणखताच्या ढिगावर वाकून वास घेत होतो. वंदनाने आईचा हात घट्ट धरला होता.

मी पुष्कळदा विचार करते. आपल्याकडे कौतुक होतं ते संकटात धावून जाणाऱ्याचं. आग विझवणारा सगळ्यांना दिसतो. पण आग लागूच दिली नाही त्याचं काय? त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. दूध उतू गेलं नाही, पोर आजारी पडलं नाही, भांडण विकोपाला गेलं नाही, पाहुण्यांना काही कमी पडलं नाही. बायकांचा अर्धा जन्म या 'नाही'मध्ये जातो आणि दिवसाच्या शेवटी कुणी विचारलं, काय केलंस दिवसभर, तर सांगता येत नाही. वंदनाचं काम तसलं होतं. औषध ओतून मेलेलं पीक जगवलं असतं तर तालुक्यातून माणसं बघायला आली असती. ती जे करत होती ते यशस्वी झालं तर काहीच होणार नव्हतं. पानं हिरवी राहणार होती, बस्स.

लावणी झाली. वाफ्यांत खत मिसळलं, रोपांची मुळं खत-पाण्याच्या काल्यात बुडवून एकेक रोप बसवलं. पुढे मित्रबुरशीची भुकटीही वंदना ठिबकच्या नळीतून पाण्याबरोबर सोडायची. संध्याकाळी ऊन कललं की वंदना पानांवर दुसरं जैविक औषध फवारायची, जिवाणूंचं. त्याची बाटली आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या शेजारी असायची. त्या वेळी मी आत जाऊन बसे. प्लॅस्टिकवर पाऊस वाजत असायचा आणि आत कोरडं, उबदार, वेलांना बांधलेल्या दोऱ्या छपरापर्यंत सरळ गेलेल्या. माझा खोकला तिथे कधी थांबला ते मला कळलंही नाही. डॉक्टरांनी ज्या गोष्टीपासून पळायला सांगितलं होतं तिच्या मांडीत बसून मी बरी झाले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

भाद्रपदात आभाळ उतरलं ते उठेना. सुळका दिसेनासा झाला तो झालाच. मागच्या साली मर लागली, म्हणजे वेल माना टाकून मेले, ते असल्याच हवेत. गणपतीला मी घरी जाऊन परत आले तेव्हा संतोष रोज ड्युटीवर जायच्या आधी एक चक्कर आत मारून जात होता. नुसती पानं बघायचा. आणि मग एका दुपारी निचऱ्याच्या नाल्याकडच्या कोपऱ्यात एक ओळ मान टाकून उभी दिसली. तोच कोपरा. सुरुवात तिथूनच झाली होती मागे.

संतोष तासाभरात रासायनिक औषधाची बाटली घेऊन आला. "आता थांबू नको वंदना," तो म्हणाला. "एकदा थांबलो ना आपन."

"ह्ये ओतला तर आपली बुरशी पन मरंल," वंदना म्हणाली.

"आनि नाय ओतला तर?"

आई दारात उभी होती. वंदना त्या ओळीत गेली, फुलावर आलेला, कोवळ्या काकड्या धरलेला एक वेल तिने दोन्ही हातांनी बुडाशी धरला, आणि उपटला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती मुळावरची माती झटकत होती. मुळं पांढरीशुभ्र होती. तांदळाच्या शेवयांसारखी, दाट, ओली. कूज नाव घ्यायला नव्हती. तिने ते मूळ तसंच संतोषपुढे धरलं. त्याने बाटली खाली ठेवून ते हातात घेतलं, उलटसुलट केलं, नखाने खरवडून पाहिलं. मग दोघंही खाली वाकली. ठिबकच्या नळीची त्या ओळीतली भोकं मित्रबुरशीच्याच भुकटीने बुजली होती! बिचाऱ्या वेलांना रोग नव्हता, तहान होती. आईने पदराची टाचणी काढून दिली. आम्ही चौघांनी गुडघ्यांवर बसून एकेक भोक मोकळं केलं, आणि दिवेलागणीपर्यंत पानांनी माना वर केल्या. त्या दिवशी संतोष जेवताना बायकोच्या ताटात आपल्या हाताने भात वाढत होता. मी हे आमच्या घरात त्याआधी पाहिलं नव्हतं.

काकड्या निघायला लागल्या. सडसडीत, गर्द हिरव्या, एका मापाच्या. बघायला कुणी आलं नाही, कारण काही घडलंच नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एजंट मात्र आला. बोलावल्याप्रमाणे. पायात चकचकीत बूट, हातात मोजायची टेप. संतोषने त्या दिवशी सुट्टी घेतली होती, पण सकाळपासून तो कुणाशी धड बोलला नव्हता. काय ठरवलंय ते वंदनाला माहीत नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. ती आत तोडणी करत होती. पॉलीहाऊसच्या दारात आई बसलेली, तिच्यापुढे चुन्याच्या पाण्याचं पसरट घमेलं.

"पाय बुडव," आई एजंटाला म्हणाली.

तो हसला. "मावशी, मी फक्त मोजायला आलोय."

"मोज ना. पन पाय बुडव. भायेरचा रोग आत नको."

त्याने संतोषकडे पाहिलं. आतून काकड्या तोडणाऱ्या कात्रीचा आवाज येत होता, तो थांबला. संतोषने पायातल्या चपलांसकट घमेल्यात पाय ठेवले, एक, मग दुसरा. दार ढकललं. आत जाता जाता वळून म्हणाला, "तुमची खेप फुकट गेली, शेठ. जागा द्यायची नाय."

"बरं, मग पुढल्या वर्षी येतो," एजंट टेप खिशात घालत म्हणाला. त्याला असल्या नकारांची सवय असावी.

उत्तर आईने दिलं. जागेवरून न उठता, त्याच्या बुटांकडे बघत.

"पुढल्या लागवडीचा बुरा मी कालच लावलाय."

आत वंदनाची कात्री पुन्हा वाजायला लागली.